पिकअप गाडीचे मागचे ड्रम ब्रेक

छोट्या मालवाहू पिकअप गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक ही जोडी सर्रास आढळते. ड्रमच्या आत कमानीच्या आकाराचे दोन शू असतात. पेडल दाबले की व्हील सिलिंडरमधले पिस्टन त्यांना बाहेर रेटतात आणि शूवरचे लायनर फिरत्या ड्रमला घासून चाक मंदावते. मागचे ब्रेक नीट पकडत नाहीत, ही या गाड्यांबद्दलची नेहमीची तक्रार. त्यावर मोठा सिलिंडर बसवणे किंवा ड्रम काढून डिस्क लावणे असे उपाय सुचवले जातात. परंतु बहुतेक गाड्यांत ड्रम मुळात दुबळा नसतो. झिजेमुळे आणि गाडीत केलेल्या इतर फेरफारांमुळे त्याचा जोर गेलेला असतो. तो परत मिळवणे हीच खरी सुधारणा. त्यापलीकडे जोर वाढवणे बहुधा धोक्याचे.

मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा सौम्य ठेवलेले असतात ते जाणूनबुजून. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर सरकतो. रिकाम्या पिकअपची मागची बाजू आधीच हलकी, त्यात हा भार गेला की मागच्या टायरची पकड अगदी थोडी उरते. अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली तर गाडी आडवी फिरते. पुढची आधी जाम झाली तर स्टिअरिंग चालत नाही, पण गाडी सरळ घसरत जाते. म्हणून पहिला प्रकार अधिक घातक. हौद्यात टन-दीड टन माल आला की हिशेब पालटतो, मागची चाके बरेच जास्त काम करू शकतात. यासाठी अनेक पिकअपमध्ये चासी आणि मागचा अ‍ॅक्सल यांना दांडीने जोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. भाराने चासी खाली बसली की तो मागच्या ब्रेकना अधिक दाब जाऊ देतो. जादा माल पेलावा म्हणून पाटे वाढवले की चासी खाली बसत नाही, आणि भरलेल्या गाडीलाही रिकामी समजून व्हॉल्व्ह दाब अडवून धरतो. खोट इथे असते, दोष मात्र ड्रमला दिला जातो. पाटे मूळ स्थितीत आणून दांडी उत्पादकाच्या मापाप्रमाणे जुळवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

ड्रमच्या आतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे शू व ड्रम यांच्यातली फट. लायनर झिजत जातात तशी ती वाढते. ती आपोआप भरून काढणारा अ‍ॅडजस्टर धुळीने आणि गंजाने अडकला की पेडलचा बराचसा प्रवास फट मिटवण्यातच खर्च होतो. लागोपाठ दोनदा दाबल्यावर पेडल वर येत असेल, तर ही खूण बहुधा वाढलेल्या फटीची. पेडल मऊ लागत असेल तर पाइपात हवा शिरलेली असण्याची शक्यता अधिक. हँडब्रेकची केबल ताणून फट कमी करण्याची रीत चुकीची आहे, कारण त्याने शू मूळ जागेवर परतत नाहीत आणि अ‍ॅडजस्टर निकामी होतो. केबल सैल ठेवून आधी अ‍ॅडजस्टर लावावा, केबल नंतर. गळक्या सीलमधून अ‍ॅक्सलचे ऑइल लायनरवर आले असेल तर सील बदलावे आणि लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो; त्यापुढे टर्निंग केलेला ड्रम पातळ होतो आणि लवकर तापतो.

मोठ्या सिलिंडरचा आग्रह धरणाऱ्यांचे गणित अर्धेच असते. १९ मिमीऐवजी २२ मिमीचा सिलिंडर लावला तर जोर सुमारे ३४ टक्के वाढतो हे खरे, पण ऑइलही तितकेच जास्त लागते. पेडल आणखी खोल जाते आणि रिकाम्या गाडीची चाके लवकर जाम होतात. डिस्कबाबतही तसेच. ड्रमचा एक शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर आणखी दाबला जातो. ही आयती मदत डिस्कला नसल्याने जास्त दाब लागतो, आणि मग मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह, हँडब्रेक असे सगळेच नव्याने जुळवावे लागते.

घाटाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, आत कोंडलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, आणि इथे डिस्क निश्चितच सरस ठरते. तरीही आकडे पाहावेत. ३ टनांची गाडी कसाऱ्यासारख्या घाटात ३०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते; ताशी ६० किमी वेगावरून एकदा थांबायला साधारण सव्वाचार लाख लागतात. म्हणजे एकवीस पूर्ण थांब्यांइतके काम एका उतारात होते. त्यातला मोठा वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिनाने उचलायला हवा, ब्रेक कोणतेही असोत. जुने ब्रेक ऑइलही इथेच दगा देते: डॉट ३ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० वर येते. ऑइल उकळले की पाइपात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते.

एवढे सारे करूनही जोर अपुरा वाटला, आणि उत्पादकाने त्याच गाडीच्या जास्त वजनाच्या प्रकाराला मोठे ड्रम दिलेले असतील, तर तो संच सिलिंडर आणि व्हॉल्व्हसह पूर्ण बसवणे योग्य. त्यातला एखादाच भाग उचलून लावू नये, आणि चाचणी मोकळ्या रस्त्यावर आधी रिकाम्या, मग भरलेल्या गाडीने घ्यावी.