कँपर व्हॅनमधील शोअर पॉवर

निजण्याची, रांधण्याची व उजेडाची सोय असलेल्या मोटारगाडीस, म्हणजे कँपर व्हॅनला, मुक्कामाच्या जागी बाहेरून घरगुती दाबाची वीज पुरविण्याची व्यवस्था. बंदरात नांगरलेल्या जहाजाने आपली जनित्रे थांबवून धक्क्यावरून वीज घेण्याची जी वहिवाट होती, तिच्यावरून हे नाव आले. गाडीतील दिवे व पाण्याचा पंप सामान्यतः 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात; बाहेरची वीज मिळू लागली म्हणजे चार्जर ती बॅटरी भरतो आणि हीटर, किटली यांसारखी अधिक वीज खाणारी उपकरणे थेट चालविता येतात.

ब्रिटनमध्ये ही पद्धत पूर्णपणे नियमबद्ध झालेली आहे. तेथे गाडीतील वायरिंगला बीएस 7671 या मानकाचा 721 वा विभाग आणि मुक्कामाच्या तळावरील पुरवठ्यास 708 वा विभाग लागू असून, तळावरील वीजपुरवठ्याच्या खांबापासून गाडीपर्यंत निळ्या रंगाचे, तीन पिनांचे, 16 अँपिअरचे जोड वापरतात. 230 व्होल्टला 16 अँपिअर म्हणजे 3,680 वॅट होतात. परंतु यूरोपातील कित्येक तळांवर 6 अँपिअरच, म्हणजे 1,380 वॅटच, मिळत असल्यामुळे किटली व हीटर एकाच वेळी लावणाऱ्या प्रवाशाच्या खांबावरील एमसीबी (अतिप्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्वयंचलित स्विच) पडते.

गाडीच्या अंगावर, झाकण असलेल्या खोबणीत, पिना बसविलेल्या असतात, तर केबलच्या टोकाला त्या पिना सामावून घेणारी भोके असतात. ही मांडणी हेतुपूर्वक केलेली आहे, कारण खांबाला जोडलेली केबल गाडीपासून निसटून गवतात पडली, तरी वीज भरलेला धातू कोणाच्याही हाताला लागू नये. याच कारणास्तव केबल प्रथम गाडीला व मग खांबाला जोडावी, आणि काढताना प्रथम खांबाकडून काढावी. गाडीत बॅटरीवरून 230 व्होल्ट तयार करणारा इन्व्हर्टर असल्यास त्याची वीज उलट वाटेने त्या उघड्या पिनांवर येऊ नये म्हणून, दोन्ही पुरवठे एकत्र येऊच शकणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच मध्ये घालणे अनिवार्य होय.

केबल रबरी आवरणाची, 2.5 चौरस मिलिमीटर छेदाची व सुमारे 25 मीटर लांबीची असते. पूर्ण 16 अँपिअर प्रवाह वाहत असता एवढ्या लांबीत सुमारे 6 व्होल्ट दाब खर्च होतो व जवळजवळ 100 वॅट उष्णता निर्माण होते. जमिनीवर पसरलेल्या केबलमधून ही उष्णता सहज निघून जाते. तीच केबल रिळावर गुंडाळलेली ठेवली, तर उष्णतेला वाट न मिळून आवरण तापून खराब होऊ शकते. सबब केबल गरजेपेक्षा लांब असली तरी ती सर्वच्या सर्व उलगडावी.

गाडीत शिरलेली वीज प्रथम 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून (जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत फरक पडताच वीज तोडणाऱ्या स्विचातून) व त्यानंतर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या एमसीबीतून पुढे जाते. दोन्ही तारा तोडण्याची तरतूद यासाठी की, परमुलखातील तळांवर फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली वारंवार आढळते. गाडी सतत हादरत असल्यामुळे आतील तारा बहुतंतू, लवचिक असाव्यात, त्या 12 व्होल्टच्या तारांपासून अलग ठेवाव्यात, आणि गॅसच्या टाकीच्या कप्प्यातून नेऊ नयेत.

तथापि या सर्व व्यवस्थेचा प्राण अर्थिंगमध्ये आहे. रबरी चाकांवर उभी असलेली धातूची गाडी जमिनीपासून विलग असते. आतील एखाद्या फेज तारेचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकली, तर वीज परतण्याची भरवशाची वाट म्हणजे केबलमधील हिरवी-पिवळी तार एवढीच राहते. म्हणून आतील अर्थिंगला गाडीचा सांगाडा किमान 4 चौरस मिलिमीटरच्या तारेने जोडतात. ब्रिटनमध्ये पुष्कळ घरांचे अर्थिंग पुरवठ्याच्या न्यूट्रलशी एकत्र केलेले असते. रस्त्यावर कोठे ते न्यूट्रल तुटले, तर घरातील सारा धातू एकाच दाबाला चढतो व आतल्या माणसाला फारसा धोका राहत नाही. परंतु अशा अर्थिंगला जोडलेल्या गाडीचे दार ओल्या गवतावर उभे राहून उघडणाऱ्या माणसाच्या देहातूनच प्रवाह जमिनीत जाईल, आणि तो अर्थिंगच्या तारेने आलेला असल्यामुळे आरसीसीबीला त्याचा सुगावाही लागणार नाही. म्हणून 2002 च्या ब्रिटिश विनियमांनी कॅरव्हॅनच्या, म्हणजे मुक्कामाची सोय असलेल्या गाडीच्या, धातूला असे अर्थिंग जोडण्यास सक्त मनाई केली असून, तळावर जमिनीत स्वतंत्र इलेक्ट्रोड पुरण्याची तजवीज केली जाते. अशा इलेक्ट्रोडचा रोध, समजा, 100 ओहम असला, तर दोषप्रवाह 2.3 अँपिअरच्या वर जात नाही. त्याने 16 अँपिअरची एमसीबी हलणारही नाही, आरसीसीबी मात्र क्षणार्धात तुटते. यास्तव प्रत्येक मुक्कामी जोडणी होताच आरसीसीबीचे चाचणी-बटण दाबून खातरजमा करावी.

उत्तर अमेरिकेत 120 व्होल्टचे 30 अँपिअरचे तीन पिनांचे आणि 120/240 व्होल्टचे 50 अँपिअरचे चार पिनांचे, असे दोन जोड रूढ आहेत. पैकी 30 अँपिअरचा जोड कपडे वाळविण्याच्या यंत्राचा समजून त्यात 240 व्होल्ट सोडणारे घरगुती वीजतंत्री गाडीतील उपकरणांचा एका क्षणात नाश करतात.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. भारतातही वीज 230 व्होल्टची असल्यामुळे वरील गणित येथे जसेच्या तसे लागू पडते. परंतु खास खांब नसलेल्या मुक्कामी प्रवासी धाब्याच्या किंवा विश्रामगृहाच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवरच भिस्त ठेवतात. तीन दिव्यांचा स्वस्त परीक्षक अर्थिंगची तार आहे एवढेच दाखवितो, तिचा रोध सांगत नाही; तो मोजावयास अर्थ लूप टेस्टर लागतो, आणि तसे मोजमाप न झालेल्या सॉकेटवर धातूची गाडी लावण्यापेक्षा ती रात्र बॅटरीवर काढणे इष्ट.