जंगलाचा धनी कोण?

समाजवाद हा शब्द एक असला तरी त्याच्या छायेखालीं जमलेलीं माणसें एका मताचीं कधींच नव्हतीं. उत्पादनाचीं साधनें मूठभर धनिकांच्या हातीं न राहतां समाजाच्या मालकीचीं व्हावींत, येथपर्यंत सर्वांचें एकमत. वाद सुरू होतो तो यापुढें. समाज म्हणावयाचें कोणाला? सरकारला, श्रमिकांच्या नांवानें बोलणाऱ्या पक्षाला, कीं चार-पांचशे वस्तीच्या गांवाला? मुंबई-पुण्याच्या सभागृहांत हा प्रश्न शास्त्रचर्चेचा वाटतो. परंतु जुन्या चांदा जिल्ह्याच्या पूर्वभागीं, 26 ऑगस्ट 1982 रोजीं स्वतंत्र जिल्हा झालेल्या गडचिरोलीच्या मुलखांत, तो रोजच्या भाकरीचा प्रश्न होऊन बसला. येथील सुमारें तीन-चतुर्थांश भूमि जंगलानें व्यापलेली आहे. तेंदूपत्ता, बांबू, मोहफूल आणि चारोळी यांवर येथील गोंड, माडिया आणि इतर रहिवाशांचा संसार चालतो. जंगलाचा धनी कोण, या प्रश्नाला समाजवादाच्या प्रत्येक शाखेनें या भूमींत आपापलें उत्तर देऊन पाहिलें.

या शाखांचें मूळ स्वातंत्र्यपूर्व काळांत आहे. 1921 सालीं श्रीपाद अमृत डांगे यांनीं ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका मुंबईंत प्रसिद्ध केली, आणि पुढील कित्येक दशकांचा वाद जणूं तिच्या मथळ्यांतच सांगून टाकला. नाशिकच्या तुरुंगांत 1932-33 सालीं जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता आणि मिनू मसानी हे तरुण एकत्र आले. त्यांच्या विचारविनिमयांतून 1934 सालीं काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. मार्क्सचें अर्थशास्त्र त्यांना मान्य होतें, परंतु मॉस्कोचें नेतृत्व मान्य नव्हतें. कांहीं वर्षें कम्युनिस्टांना या पक्षांत घेऊन संयुक्त आघाडीचा प्रयोग झाला. तो 1940 सालीं मोडला. पुढें रशियावर हिटलरनें स्वारी केल्यावर कम्युनिस्टांनीं महायुद्धास लोकयुद्ध मानलें आणि ते बेचाळीसच्या चळवळीपासून दूर राहिले. समाजवादी मात्र भूमिगत होऊन तींत उतरले. 16 ऑगस्ट 1942 रोजीं याच चांदा जिल्ह्यांतील चिमूर पेटलें, तेव्हां देशांतील डावे असे दोन तोंडांनीं बोलत होते. त्या वर्षाची कटुता पुढें फार काळ टिकली.

तिसरा प्रवाह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. 1936 सालीं त्यांनीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजीं औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईंत झालेल्या संपांत ते कम्युनिस्टांच्या बरोबरीनें उभे राहिले. 1947 सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनांत त्यांनीं मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी, शेती सामुदायिक पद्धतीनें व्हावी, आणि ही व्यवस्था राज्यघटनेंतच नमूद करावी, असें सुचविलें. म्हणजे समाज या शब्दाचा अर्थ त्यांनीं घटनेनें बांधलेलें राज्य असा केला. खेड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. 4 नोव्हेंबर 1948 रोजीं घटनासमितींत बोलतांना, खेडें हें संकुचितपणाचें आणि अज्ञानाचें घर आहे, असा अभिप्राय त्यांनीं स्पष्टपणें दिला. ज्यांना गांवाच्या विहिरीवर पाणी मिळालें नाहीं, त्यांच्या वतीनें काढलेला तो उद्गार होता. ग्रामराज्याचें कोणतेंहि चित्र रंगवितांना हा आक्षेप विसरून चालत नाहीं.

चौथा प्रवाह गांधीजींच्या विचारांतून निघाला आणि तो थेट कम्युनिस्टांच्या रणभूमीवर प्रकट झाला. गडचिरोलीच्या दक्षिणेस, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या पलीकडे तेलंगण आहे. तेथें 1946 पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. त्याच तेलंगणांत, पोचमपल्ली येथें, 18 एप्रिल 1951 रोजीं विनोबांना शंभर एकरांचें पहिलें भूदान मिळालें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत कम्युनिस्टांनीं लढा मागें घेतला. जमीन कसणाऱ्याची असावी, ही दोघांचीहि मागणी. एकानें ती बंदुकीनें मागितली, दुसऱ्यानें हात जोडून. भूदानांतून पुढें ग्रामदान निघालें. जमिनीची मालकी साऱ्या गांवाची, आणि गांवाचा निर्णय सर्वसहमतीचा, हें त्याचें सूत्र. एकेकाळचे कट्टर मार्क्सवादी जयप्रकाश 1954 सालीं बोधगयेस जीवनदान करून या मार्गाला लागले. विचारांच्या या शाखांमध्यें भिंती असल्या तरी दारेंहि होतीं, याचें त्यांच्याहून ठळक उदाहरण सांपडणार नाहीं.

आतां जंगलाकडे वळूं. सर्वांत आधीं प्रयोग झाला तो राज्यमालकीचा. चांदा जिल्हा तेव्हां मध्यप्रदेशांत होता. त्या राज्याच्या 1950 च्या कायद्यानें 31 मार्च 1951 पासून जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या संपुष्टांत आल्या, आणि त्यांचीं विस्तीर्ण जंगलें सरकारजमा झालीं. समाजवाद्यांची ही जुनीच मागणी होती. परंतु जमीनदाराच्या जागीं आदिवासी आला नाहीं, वनखातें आलें. पुढें महाराष्ट्र शासनानें 1969 च्या कायद्यानें तेंदूपत्त्याचा व्यापार आपल्या हातीं घेतला आणि 1974 सालीं वनविकास महामंडळ काढलें. बल्लारपूरच्या कागद गिरणीला सरकारी करारानें बांबू मिळूं लागला. तेंदूचे विभाग लिलावांत कंत्राटदारांकडे जात. मालक राज्य, व्यापारी कंत्राटदार आणि मजूर आदिवासी, असा हा त्रिकोण होता. भर उन्हाळ्यांत पहाटे उठून पानें तोडावयाचीं, घरीं बसून त्यांचे पुडे बांधावयाचे, आणि ते मोजून घेणाऱ्या दिवाणजीचा शब्द प्रमाण मानावयाचा, हा त्या मजुराचा क्रम. राष्ट्रीयीकरण झालें; तेवढ्यानें समाजीकरण झालें नाहीं.

या उणीवेंतूनच दुसऱ्या प्रयोगाला वाट मिळाली. 1980 सालीं आंध्रांत स्थापन झालेल्या पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाचीं पथकें त्याच वर्षीं प्राणहिता ओलांडून सिरोंचा-अहेरी भागांत आलीं. त्यांनीं पहिला हात घातला तो तेंदूच्या मजुरीला आणि वनरक्षकांच्या जुलमाला. मजुरीचे दर चढले, हें त्यांच्या विरोधकांनींहि नाकारलेलें नाहीं. परंतु पक्ष हाच श्रमिकांचा प्रतिनिधि, हें तत्त्व एकदां स्वीकारलें कीं पक्षाशीं मतभेद हा श्रमिकांशीं द्रोह ठरतो. खबऱ्या असल्याच्या संशयावरून ज्यांचे प्राण घेतले गेले, ते बहुतेक त्याच पाड्यांवरचे गरीब आदिवासी होते. गांवच्या निवडणुकांवर बहिष्कार घातला गेला. दुसऱ्या बाजूनें पोलिसी कारवाईचा भारहि त्याच गांवांवर पडला. ऑक्टोबर 2009 मध्यें लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. ऑक्टोबर 2025 मध्यें या पक्षाचा एक सर्वोच्च नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव यानें गडचिरोलींतच अनेक सहकाऱ्यांसह शस्त्रें खालीं ठेवलीं. पंचेचाळीस वर्षांच्या या काळांत मजुरी वाढली, पण जंगल गांवाच्या मालकीचें झालें नाहीं. तें दोन बंदुकांच्या मध्यें सांपडलें.

तिसरा प्रयोग याच काळांत, याच जिल्ह्यांत चालला होता. इंद्रावती व गोदावरी नद्यांवरील भोपालपट्टणम् आणि इंचमपल्ली या धरणांनीं मोठें वनक्षेत्र बुडणार होतें. त्याविरुद्ध 1984 च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभें राहिलें. बाबा आमटे आणि आदिवासींचे नेते, माजी खासदार लाल श्याम शहा हे त्याचे अग्रणी होते. या आंदोलनाच्या वातावरणांत धानोरा तालुक्यांतील मेंढा या छोट्या गोंड गांवानें आपला कारभार आपण पाहण्याचा निश्चय केला. देवाजी तोफा हे गांवचे पुढारी, आणि जयप्रकाशांच्या युवा चळवळींतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहकारी. दिल्ली-मुंबईंत आपलें सरकार असलें तरी गांवांत गांव हेंच सरकार, अशी मेंढ्याची भूमिका. निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें. आणि निर्णयापूर्वीं अभ्यासगटांत बसून विषय समजून घ्यावयाचा, ही तेथील रीत. 2006 च्या वनहक्क कायद्यानें या भूमिकेला आधार मिळाला. 2009 सालीं मेंढ्याला सुमारें 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजीं बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. आणि 2013 सालीं गांवानें आपली शेतजमीनहि ग्रामदान करण्याचें ठरविलें. त्यानंतर जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करूं लागल्या.

तर मग विनोबा जिंकले आणि बाकीचे हरले, असें म्हणावयाचें काय? इतका सोपा निकाल इतिहास देत नाहीं. मेंढ्याचा हक्क ज्या कायद्यानें सिद्ध झाला तो संसदेनें केला होता. राज्याच्या हमीवांचून दुर्बलाचें स्वातंत्र्य टिकत नाहीं, हा आंबेडकरांचा आग्रह तेथें खरा ठरला. शिवाय मेंढा हें बव्हंशीं एकाच जमातीचें, फारशी आर्थिक विषमता नसलेलें गांव. जेथें जातींची उतरंड आहे आणि जमीन थोड्यांच्या हातीं आहे, तेथें सर्वसहमतीच्या नांवाखालीं दुबळ्याचें मौन हेंच संमति म्हणून मोजलें जाण्याचा धोका राहतो. कंत्राटदाराकडे ग्रामसभांचे पैसे थकले तेव्हां एकटें गांव बाजारापुढें किती लहान असतें, हेंहि दिसून आलें. संघटित मजुराखेरीज भाव मिळत नाहीं, ही मार्क्सवाद्यांची शिकवण तेथें आठवावी लागते.

16 ऑक्टोबर 1956 रोजीं, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनीं, आंबेडकरांनीं चांद्यास हजारो अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. पुढच्याच महिन्यांत काठमांडूस त्यांनीं बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. पिळवणूक नाहींशी करणें हें दोघांचेंहि ध्येय. भेद आहे तो साधनांचा, आणि हिंसेनें व हुकूमशाहीनें आणलेली समता ती सक्ति उठतांच ढासळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. गडचिरोलीच्या पाऊणशे वर्षांच्या अनुभवानें या विधानाला एक पुरवणी जोडली आहे. मालकी कोणाच्या नांवें लिहिली आहे, यापेक्षां हिशेबाची वही उघडून पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, ही खरी कसोटी होय. सरकार असो, पक्ष असो वा ग्रामसभा असो. ज्या बाईनें पानें तोडलीं आणि पुडे बांधले, तिला ती वही मागतां येत नसेल, तर जंगलाचा धनी बदलला एवढेंच. तो समाज झाला, असें म्हणतां येणार नाहीं.