क्वालालंपूरचा मर्देका चौक : वास्तू आणि शब्द

मलेशियाच्या राजधानीतील ‘दातारान मर्देका’ म्हणजे स्वातंत्र्य-चौक. वसाहती व स्थानिक वास्तुशैलींचा संगम असे त्याचे वर्णन करण्याचा प्रघात आहे. यातील ‘वसाहती’ हे विशेषण सहज पटते. ‘स्थानिक’ हे मात्र तपासून घेतले पाहिजे.

चौकाच्या मध्यभागी विस्तीर्ण हिरवळ आहे. इंग्रजी अमलात तिला ‘पादांग’, म्हणजे मलाय भाषेत नुसते ‘मैदान’, म्हणत. पश्चिमेस १८८४ साली स्थापन झालेला सेलांगोर क्लब व पूर्वेस सरकारी कचेऱ्यांची इमारत, अशी तिची मांडणी होती. या इमारतीचे काम १८९४ साली सुरू होऊन १८९७ साली पुरे झाले. वास्तुविशारद नॉर्मन यांचा मूळ आराखडा युरोपीय धर्तीचा होता. परंतु राज्याचे अभियंता स्पूनर यांनी ‘मुसलमानी’ शैलीचा आग्रह धरला व बिडवेल यांनी दर्शनी भाग नव्याने रेखाटला. तांबड्या विटा, पांढरे पट्टे, कमानींच्या ओळी, तांब्याचे घुमट आणि ४१ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा हे त्याचे फलित होय.

वस्तुतः यांपैकी एकही लक्षण मलाय परंपरेतील नव्हे. मलाय घरे लाकडी, खांबांवर उचललेली असत. जुन्या मशिदींनाही घुमट नसून एकावर एक चढत जाणारी छपरे असत. केलांतानमधील काम्पुंग लाउतची मशीद याची साक्ष देते. इंग्रजांनी हिंदुस्थानात मोगल वास्तूंवरून जी मिश्र शैली घडविली, तीच येथे ‘स्थानिक’ म्हणून उभी करण्यात आली.

‘मर्देका’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘महर्द्धिक’, म्हणजे मोठ्या ऋद्धीने युक्त. मलाय द्वीपसमूहात त्याला ‘दास्यमुक्त’ हा अर्थ आला. डच अमलातील बटाव्हियात मुक्त झालेल्या दासांना व त्यांच्या वंशजांना ‘मार्डाइकर’ म्हणत. विसाव्या शतकात तोच शब्द राष्ट्रीय स्वातंत्र्याचा वाचक झाला. व्युत्पत्ती परकी म्हणून तो मलाय नव्हे, असे कोणी म्हणणार नाही. शब्दाचे स्वकीयत्व त्याच्या उगमावर नव्हे, तर प्रयोगावर ठरते.

हाच निकष वास्तूलाही लागू पडतो. मनोऱ्यातील घड्याळ १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवात प्रथम वाजले. त्याच मनोऱ्यासमोर ३० ऑगस्ट १९५७ च्या मध्यरात्री ब्रिटिश ध्वज उतरला. पुढे १९७४ साली इमारतीस सुलतान अब्दुल समद यांचे नाव मिळाले व १९९० साली मैदानास ‘दातारान मर्देका’ हे नाव देण्यात आले. तेव्हा वास्तूला स्थानिकत्व आले ते स्पूनर यांच्या निवडीने नव्हे, तर त्या मध्यरात्री मैदानावर जमलेल्या लोकांमुळे.

तथापि प्रयोगाने उगम पुसला जात नाही. आज वास्तू आपली झाली म्हणून ती प्रथमपासून आपलीच होती असे मानल्यास, खरी मलाय परंपरा या चौकातून वगळली गेली होती, ही गोष्टच इतिहासातून नाहीशी होते. अभ्यासकाने व्युत्पत्ती आणि अर्थ या दोहोंची नोंद स्वतंत्रपणे ठेवणे अगत्याचे आहे, ते याचसाठी.