भोपळ्याचे पॅनकेक आणि एका ऋतूची वाङ्मयीन घडण

सप्टेंबर उलटला की अमेरिकेतील अनेक घरांत भोपळ्याचा गर, मैदा, अंडी व दूध एकत्र भिजवून, त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ घालून, धिरड्यांपेक्षा जाड असे पॅनकेक तव्यावर घातले जातात. शरद ऋतूचे हे घरगुती स्वागत अनादी परंपरेतून आले असावे, असा समज सहज होतो. आमच्या मते यातील भोपळा तेवढा पुरातन आहे; त्याला चिकटलेले 'घर' आणि 'शरद' हे अर्थ बव्हंशी मुद्रित पुस्तकांनी घडवले, आणि ते घडताना काही माणसे पानाबाहेर राहिली.

मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत भोपळ्याच्या लागवडीचा सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा पुरावा सापडला आहे. न्यू इंग्लंडमध्ये आलेल्या इंग्रजांना हे फळ तेथील मूळ रहिवाशांच्या शेतांत भेटले. इंग्रजीतील 'स्क्वॉश' हा शब्द नॅरागान्सेट भाषेतला. रॉजर विल्यम्स यांनी त्याचे मूळ रूप १६४३ मध्ये नोंदवले. मात्र वसाहतीच्या आरंभी भोपळा हे टंचाईचे अन्न होते. एडवर्ड जॉन्सन १६५४ च्या आपल्या इतिहासात, धान्य व गुरे वाढेपर्यंत ज्याने पोसले त्या भोपळ्याला हिणवू नका, असे बजावतात. हिणवणारे होते, म्हणूनच बजावावे लागले.

हा भोपळा प्रतिष्ठित झाला तो पाकपुस्तकात. १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स यांचे 'अमेरिकन कुकरी' प्रसिद्ध झाले. अमेरिकन लेखिकेने लिहिलेले, अमेरिकेत छापलेले हे पहिले पाकपुस्तक मानले जाते. त्यात भोपळ्याच्या पुडिंगच्या दोन कृती आहेत. एकीत जायपत्री, जायफळ व आले, तर दुसरीत काकवी. मक्याचे पीठ, दूध व अंडी यांचे तव्यावरचे 'स्लॅपजॅक'ही त्यात आहे; त्याच्या नावाआधी 'इंडियन' असे विशेषण लागते. म्हणजे आजच्या पॅनकेकचे दोन्ही धागे एकाच पुस्तकात, पण वेगवेगळ्या पानांवर आहेत. मूळ रहिवासी तेथे केवळ विशेषणापुरते उरले. न्यू इंग्लंडमध्ये काकवी येई ती कॅरिबियन मळ्यांतून. तेथील गुलामांना तेवढेही स्थान नाही. खुद्द लेखिका मुखपृष्ठावर स्वतःला 'अमेरिकन अनाथ' म्हणवते. पुस्तक छपाईसाठी सिद्ध करण्याइतके शिक्षण तिच्यापाशी नव्हते, आणि लेखनिकाने तिच्या संमतीवाचून मजकूर घुसडला, अशी तक्रार नंतर जोडलेल्या निवेदनात आहे. 'घरची' पाककृती कोणाच्या हातची, हा प्रश्न पहिल्याच पुस्तकापाशी असा उभा राहतो.

भोपळ्याला ऋतू व सण यांच्याशी कायमचे बांधण्यात कादंबरीचाही वाटा आहे. सारा जोसेफा हेल यांच्या 'नॉर्थवुड' (१८२७) या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या भोजनाचे सविस्तर वर्णन असून त्यात भोपळ्याच्या पायला मानाचे स्थान आहे. पुढे मासिकाच्या संपादक म्हणून त्यांनी या सणासाठी दीर्घकाळ मोहीम चालवली. १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यासाठी मुक्रर केला. उत्तरेतील एका प्रदेशाची चव अशी राष्ट्राची स्मृती झाली.

विसाव्या शतकात ही स्मृती डब्यात भरली गेली. आजच्या पॅनकेकमधील गर पुष्कळदा डब्यातला असतो. त्यासाठी इलिनॉयमध्ये पिकवला जाणारा भोपळा शेतात चित्रासारखा नारिंगी दिसत नाही. तो फिकट बदामी सालीचा, 'क्युकुर्बिटा मॉस्काटा' या जातीचा असतो. आपल्याकडील लाल भोपळाही प्रामुख्याने याच जातीचा. तोही मूळचा अमेरिकेचा, कोलंबसानंतरच्या समुद्रव्यापारातून इकडे आलेला. वीणेला लागणाऱ्या देशी फळाचे 'भोपळा' हे नाव त्यालाही मिळाले. त्याच्या गरात गूळ व कणीक मळून आपण घारगे तळतो, तेव्हा त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही नसते.

तव्यावरच्या वा कढईतल्या या पदार्थांचा आनंद कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पाककृती हीही एक संहिता आहे. 'परंपरेने चालत आलेले' असे लिहिलेले दिसले, की ते कोणी, केव्हा लिहिले आणि कोणाचे नाव गाळून लिहिले, हे साहित्याच्या अभ्यासकाने विचारलेच पाहिजे.