घृणा : अर्थ आणि वापर

घृणा हा संस्कृतातून मराठीत आलेला स्त्रीलिंगी शब्द. आजचा अर्थ किळस, तिटकारा, पराकोटीची नावड. संस्कृतात मात्र याच शब्दाचा दया, करुणा असाही अर्थ आहे. मराठीत तो 'घृणा'मधून गेला, 'निर्घृण'मध्ये टिकला. निर्घृण म्हणजे ज्याच्या ठायी दया नाही असा. 'निर्घृण हत्या' हा मथळा देणाऱ्या किती बातमीदारांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे घृणा आणि द्वेष सर्रास एकाच अर्थाने वापरतात. मराठीचे व्याकरण मात्र दोन्ही वेगळे ठेवते. घृणा 'वाटते', 'येते'. द्वेष कोणीतरी 'करतो'. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हा फरक पदोपदी भेटतो. 'आम्ही कोणाचा द्वेष करत नाही' असे म्हणणारी माणसे आपल्या घरचे पाणी घेताना अडखळतात. विटाळाचेही तसेच. तो आपोआप 'होतो'. आणि कर्ता सांगायचाच झाला, तर बोट शिवणाऱ्याकडे जाते.

पालीत घृणेला जिगुच्छा म्हणतात, द्वेषाला दोस. संस्कृतातील 'द्वेष' आणि 'दोष' हे दोन्ही शब्द पालीत 'दोस' होतात. लोभ, दोस, मोह या तीन अकुशल मुळांतला दोस म्हणजे द्वेष. तिथे 'दोष' वाचणे चूक. ही चूक आम्हीही केलेली आहे.

शब्दाचा प्रश्न न्यायालयातही येतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली. हत्येमागे सूड होता, जात नव्हती, असे न्यायालयाने मानले. अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. आम्हाला हे आजही पटलेले नाही. सूड आणि जातिद्वेष एकाच मनात राहू शकत नाहीत काय?

त्या वेळी कलम ३(२)(५) प्रमाणे गुन्हा पीडिताच्या जातीच्या कारणावरून घडला, हे दाखवावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, पीडिताची जात आरोपीला माहीत होती एवढे पुरेसे ठरते. म्हणून तक्रारीत 'त्यांना आमची घृणा वाटते' एवढेच लिहून थांबू नये. कोण काय बोलले, काय केले, आणि जात त्याला कशी ठाऊक होती, तेही लिहावे.