थव्याचा शेजार : सावित्रीकाठच्या पाणपक्ष्यांविषयी

महाबळेश्वरच्या पठारावरून निघालेली सावित्री पोलादपुराला वळसा घालून महाडला येते. तिथे तिला गांधारी मिळते, पुढे दासगावाजवळ काळ नदी, आणि शेवटी बाणकोटची खाडी. डोंगर, भातखाचरे आणि खाडी इतकी जवळजवळ असल्यामुळे इथे पाणपक्ष्यांना वर्षभर कुठे ना कुठे उथळ पाणी सापडते. बगळे पाहायला इथल्या माणसाला लांब जावे लागत नाही. म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे निरखून पाहणे राहून जाते.

या विषयाकडे वळताना वाचकांनी एक सवय बदलावी. आपण पक्षी ओळखतो, नाव घेतो आणि पुढे जातो. इथे नजर ठेवायची ती दोन पक्ष्यांमधल्या अंतरावर. एक पांढरा बगळा खाचरात उतरला की वरून जाणाऱ्या दुसऱ्याला तिथे खाद्य असल्याची खूण मिळते. कॅनडात जॉन क्रेब्स यांनी बगळ्यांच्या प्रतिकृती मांडून हे तपासले, आणि १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: उडते बगळे खरोखरच थव्याच्या दिशेने खाली येत होते.

एकत्र चरण्याचे लाभ प्रत्येकाला सारखे मिळत नाहीत, आणि माझ्या मते खरी गोडी इथेच आहे. पाणकावळे बुड्या मारून मासे हुसकावतात, ते काठाकडे पळतात आणि तिथे उभ्या असलेल्या लहान बगळ्याचे फावते. चिखलणीच्या वेळी नांगरामागे किंवा पॉवर टिलरमागे चालणारा गायबगळा तर शेतकऱ्यालाच आपल्या थव्यात धरतो. गुरांसोबत चरताना त्याला कमी पावलांत जास्त किडे मिळतात, हे मोजून पाहिले गेले आहे. पण गर्दी वाढली की हिसकाहिसकी सुरू होते, सावध मासे दूर सरकतात. ढोकरी एरवी एकटीच दबा धरून बसते, त्यामागे हेही कारण असावे. पाणी आटून मासे एका डबक्यात कोंडले गेले, की तीच ढोकरी इतरांच्या शेजारी निमूट उभी राहते.

महाडच्याच जिल्ह्यात, किहीमला, सालिम अली यांनी १९३०च्या सुमारास सुगरणींच्या घरट्यांसमोर बसून त्यांची कुटुंबरीत उलगडली. नेहमीचा पक्षी आणि भरपूर धीर एवढ्यावर मोलाचे काम उभे राहते, याचा हा घरचाच दाखला. या अभ्यासालाही साधी दुर्बीण, घड्याळ आणि वही पुरते. मात्र महाडजवळच्या पात्रात मगरी आहेत. निरीक्षण पुलावरून किंवा उंच काठावरूनच करा.

वलगणीचे मासे खाचरांत चढू लागतील तेव्हा एखाद्या बांधापासून थोडे दूर अर्धा तास थांबा. पहिला कोण उतरला, दुसरा त्याच्यापासून किती अंतरावर, आणि एकाने मासा पकडताच शेजाऱ्याने काय केले, एवढेच तारखेसह लिहून ठेवा. पुढची प्रकरणे त्या वहीसोबत वाचावीत, ही विनंती.