कोरेगाव भीमा आणि ऑर्वेलचं '१९८४'

ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीत विन्स्टनची नोकरी काय असते? जुन्या पेपरातल्या बातम्या सरकारला हव्या तशा बदलायच्या आणि मूळ प्रत जाळून टाकायची. आपल्याकडे काही जाळावंच लागत नाही. अर्धं सांगितलं की काम होतं.

सणसवाडीहून पुण्याकडे निघालं की थोड्याच अंतरावर पेरण्याचा जयस्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ ला कंपनीचे साधारण ८०० सैनिक दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी दिवसभर लढले. पेशव्यांची फौज २८,००० च्या आसपास, पण प्रत्यक्ष हल्ला केला तो साधारण २,००० पायदळाने. मोबाईलवर फिरतो तो फक्त पहिला आकडा. उलट बाजूचे लोक लढाईच किरकोळ ठरवतात. पण स्तंभावरच्या ४९ मृतांपैकी 'नाक'ने संपणारी २२ नावं, म्हणजे महार सैनिकांची, ती मात्र वाचत नाहीत.

डिसेंबर २०१७ अखेर वढू बुद्रुकला वाद पेटला तोही एका फलकावरून. संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार कुणी केले, हा मुद्दा. १ जानेवारी २०१८ ला सणसवाडीतही दगडफेक, जाळपोळ झाली. त्या हिंसाचारात एका तरुणाचा जीव गेला.

आम्ही कोडची एक ओळ बदलली तरी कुणी, कधी बदलली याची नोंद राहते. फॉरवर्डला ती नसते. म्हणून पुढे ढकलण्याआधी विचारा, 'नोंद कुठंय?' दगडावरची नावं तर तिथेच आहेत. जाऊन वाचा.

भेटू पुढच्या भागात.